आजीची मिशरी आणि माझ्या हिरड्या

आमच्या घाटकोपरच्या चाळीत माझी सकाळ व्हायची ती तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या वासाने. आजी तंबाखू काळा पडेपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर घासत दारात बसायची. गेल्या वर्षी ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा म्हणाली, "मिशरी लाव. माझ्या कधी रक्त आलं का बघ."

खरंच आलं नव्हतं. पण साठीच्या आतच तिचे निम्मे दात पडले होते. याचा मेळ लागेना, म्हणून शोधत गेलो.

तंबाखू मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. महाराष्ट्रात घरोघरी, त्यातही बायकांमध्ये, त्याची मिशरी झाली. नाव दात घासण्याचं, सवय तंबाखूची. पुढे तंबाखूची मंजनं बाजारातही आली. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू वापरायला बंदी केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९७ मध्ये बंदी कायम राहिली. पण घरच्या तव्यापर्यंत हा कायदा कसा पोचणार?

आता रक्ताचं कारण. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. म्हणजे दोषी होता दातांवर साचणारा जंतूंचा थर.

मग आजीला रक्त का नाही? निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून म्हणूनच रक्त कमी येतं, आतला आजार मात्र वाढत राहतो. आजीचंही तेच झालं असावं. आमच्या ऑफिसच्या भाषेत, बग तसाच, अलर्ट तेवढा म्यूट.

मी उलटं करत होतो: रक्त येतं म्हणून ती जागा घासायचीच टाळत होतो. डेंटिस्टने दातांवरचं कीटण काढलं आणि मऊ ब्रशने, दिवसातून दोनदा, नेमकं तिथेच हलक्या हाताने घासायला सांगितलं. दातांच्या फटींत फ्लॉसही. दोन आठवड्यांत रक्त थांबलं. नसतं थांबलं तर पुन्हा तपासायला जायचंच होतं.

आजीला हे सगळं सांगितलं. मिशरीने तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, हेही. ती बराच वेळ गप्प होती. डबा तिने फेकला नाही. पण परवा स्वतःहून म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरला माझं तोंड दाखवू या का रे?"

शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.