धरणाच्या जागेवर ठाण

धरणात गाव जाणार असलं की लोक आधी अर्ज करतात, मग मोर्चे काढतात, आणि तरीही काम थांबलं नाही तर बायकापोरांसह बांधकामाच्या जागेवर जाऊन बसतात. ही शेवटची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तीही कुणीतरी, कुठेतरी पहिल्यांदा केली असेल हे ध्यानातच येत नाही. तिचा जन्म मात्र तारखेनिशी सांगता येतो. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. ठिकाण, पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी पेटा.

मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं. पाणी अडवायचं, सह्याद्रीतून पश्चिमेला वळवायचं, घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर निघालेली वीज मुंबईला न्यायची, अशी योजना होती. हा त्यांचा पहिला प्रयोग नव्हे. लोणावळ्याकडच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होत होती, आणि आंद्रा खोऱ्यातही काम सुरू झालेलं होतं. मावळातल्या माणसाला धरण म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. मुळशीत पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. ही भातखाचरांची गावं, आणि तिथला आंबेमोहोर नावाजलेला.

चाचणीचे चर खणायला कंपनीची माणसं शेतात शिरली ती मालकाला न विचारता. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तेव्हा इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असं या लढ्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. कायदा कंपनीच्या बाजूने होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होतं. मालकाने किमतीवर भांडावं, पण जमीन देणारच नाही असं म्हणायला त्या कायद्यात जागा नव्हती. मुळशीकरांना तेच म्हणायचं होतं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा.

सत्याग्रह तोवर देशाला नवा नव्हता. चंपारण १९१७ चं, खेडा १९१८ चं. पण खेडा जिल्ह्यात शेतकऱ्याने सारा अडवून धरला होता. मुळशीत सरकारला काही द्यायचं नाकारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सरकार मागत नव्हतं, थेट घेत होतं. मग अडवायचं कशाने? स्वतःच्या देहाने. रामनवमीला हजाराहून जास्त मावळे, बाया आणि पोरं यांच्यासह, बांधकामावर जाऊन बसले. काम थांबलं. नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीचे, आणि पुढे या सत्याग्रहाचा इतिहास लिहिणारेही तेच. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना फेरविचाराची विनंती केली, एका जरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध मिळणार असतील तर त्या योजनेच्या फायद्यांचं मोल काय, असा त्यांचा रोख होता.

जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन असं अभ्यासक राजेंद्र व्होरांनी मुळशीला म्हटलं आहे. अमेरिकेत ‘हेच हेची’ खोऱ्यातल्या धरणाचा वाद याआधीच होऊन गेला होता, पण तो निसर्गसौंदर्य राखू पाहणाऱ्यांचा होता आणि लढला गेला वर्तमानपत्रांत आणि संसदेत. ज्यांची चूल उठणार तेच बांधकामाच्या आड येऊन बसले, हे मुळशीचं वेगळेपण मला निर्विवाद वाटतं.

पहिली फेरी लोकांनी जिंकली, पण ते यश टिकलं नाही. पेट्यातल्या बऱ्याच जमिनीचे मालक पुण्यातले सावकार होते आणि कसणारे मावळे कुळं. सरकारने मोबदला पुढे केला तेव्हा सावकारांना तो पटला. त्यांना जमिनीची किंमत मिळत होती. कुळाला जमीनही नाही आणि किंमतही नाही. पुण्याच्या पुढाऱ्यांतही त्यावरून दोन तट पडले. माझ्या मते मुळशी तिथे हरली, पोलिसांच्या बळापुढे नव्हे. ज्याच्या नावावर सातबारा त्याच्याशी बोलणी करायची आणि ज्याचे हात चिखलात त्याला मोजायचंच नाही, हा डाव पुढे कितीतरी प्रकल्पांत खेळला गेला.

काम पुन्हा सुरू झालं. आता येऊन बसणाऱ्यांना उचलून तुरुंगात टाकण्यात येऊ लागलं, त्यांत बायकाही होत्या. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपेही या लढ्यात तुरुंगात गेले. बापट सुटत आणि पुन्हा येत. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून कामाची गाडी अडवली. हातात शस्त्र होतं, आणि त्या झटापटीत काही जण जखमी झाले. त्यांनी केलं ते लपवलं नाही. स्वतःचा प्राण पणाला लावणाऱ्याने असा प्रहार केला तरी तो ‘शुद्ध सत्याग्रह’च, असं ते मानत. मला हे पटत नाही. निःशस्त्र बसलेल्या बाईत जी ताकद होती ती रुळावरच्या दगडात नव्हती. पण तीन वर्षं लोकांना पांगताना पाहणाऱ्या माणसाची तडफड समजते. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते आत असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्याची वीज सुरू झाली.

धरण झालं, तरी रीत मागे राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या धरणग्रस्तांनी तिच्यात मुळशीत नसलेली एक मागणी जोडली, जमिनीच्या बदल्यात जमीन. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद त्यात आली. नर्मदेच्या खोऱ्यात मणिबेली गावची माणसं धरणाच्या चढत्या पाण्यातही जागा सोडायला तयार नव्हती, तेव्हा मुळशीला सत्तर वर्षं झाली होती. ज्या १८९४ च्या कायद्याने मावळ्यांची खाचरं घेतली, तो २०१३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाते त्या बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागेल, असं त्या नव्या कायद्यात लिहिलं गेलं, आणि बाधितांच्या व्याख्येत कुळांनाही जागा मिळाली.