पेढीतून घरी आलेले पत्र

३ नोव्हेंबर १८७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये नांगरलेल्या ‘मेरी सेलेस्ट’ या जहाजावरून कप्तान बेंजामिन ब्रिग्जने मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या आईला पत्र लिहिले. बायको सारा आणि दोन वर्षांची सोफिया त्याच्याबरोबर जहाजावर होत्या. सात वर्षांचा आर्थर शिक्षणासाठी आजीकडे राहिला होता. पत्रात आर्थरची आठवण आहे, त्याची कुठे सोय लागली असती तर बोलावून घेतले असते, असेही आहे. महिन्याभरात हे जहाज अटलांटिकमध्ये निर्मनुष्य सापडले, आणि त्या गूढापायी ब्रिग्जच्या घरचे हे पत्र जगभर वाचले गेले. वाचणारे आर्थरपाशी थांबतात. मला त्यातला सर्वांत रुक्ष भाग अधिक बोलका वाटतो. ब्रिग्ज आईला सांगतो: वीसेक दिवसांनी जेनोआला पत्र टाक, अमेरिकन कॉन्सलच्या पत्त्यावर, त्यानंतर आणखी वीसेक दिवसांनी मेसिनाला, तिथल्या कॉन्सलकडे, आम्ही मेसिनाला गेलो नाही, तर तो ते पुढे पाठवील. आईच्या पत्रात हे वेळापत्रक आले कुठून? कप्तानांच्या घरगुती पत्राची ही घडण घरात झालेली नाही. ती व्यापाराच्या दफ्तरातून आली, आणि माया त्या तयार साच्यात नंतर उतरली, असे माझे मत आहे.

समुद्रावरच्या पत्रापुढे दोन प्रश्न असत: ते पोचेल का, आणि पोचेल तेव्हा माणूस त्या बंदरात असेल का. पहिल्या प्रश्नाला घरच्या माणसांच्या फार आधी सरकारे आणि पेढ्या भिडल्या होत्या. लिस्बनहून गोव्याला येणारी राजाची पत्रे एकाच मजकुराच्या एकाहून अधिक प्रती करून वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. एक बुडाले तरी दुसरे लागावे. मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या या टपालाचे बांधलेले खंड गोव्याच्या पुराभिलेखात ‘मोसमांची पुस्तके’ याच अर्थाच्या नावाने ओळखले जातात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनेही प्रती पाठवण्याची हीच रीत पाळली. परदेशी हुंडीसुद्धा पहिली, दुसरी, तिसरी अशा संचात लिहीत आणि एक वटली की बाकीच्या रद्द होत. असा कारभार चालायचा तर कोणते पत्र, कोणत्या तारखेचे, कोणत्या जहाजाने मिळाले, हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत सांगणे भाग होते. कप्तानाच्या घरी हा शिरस्ता शिकवायला कोणी लागले नाही. कप्तान स्वतःच पोस्टमन होता: ब्रिटिश बंदरात उतरल्यावर खासगी पत्रे टपालखात्याच्या हवाली केली की पत्रामागे त्याला एखाद-दुसरी पेनी मिळे, अमेरिकेत दोन सेंट. मालकाची पत्रे, माल सोपवायच्या आडत्यांची पत्रे आणि बायकोचे पत्र त्याच्या हातून एकाच थैलीत जात.

दुसऱ्या प्रश्नावर कोणी म्हणेल की पत्ता कळवणे ही साधी गरज आहे. सैनिकही घरी पत्ता कळवतो, त्याला पेढी कशाला हवी? पण सैनिकाला पलटण असते आणि पलटण कुठे आहे हे सरकारला ठाऊक असते. व्यापारी कप्तानाला पुढचे बंदर स्वतःलाच नक्की ठाऊक नसे. ते भाड्यावर आणि परतीच्या मालावर ठरे. ब्रिग्जच्या पत्रातला मेसिनाविषयीचा ‘गेलो नाही तर’ हा बाजाराचा ‘तर’ आहे. शिवाय तो नुसता पगारी कप्तान नव्हता. जहाजाच्या २४ भागांपैकी ८ त्याच्या मालकीचे होते, म्हणजे जहाजाच्या तळातली दारूच्या अर्काची १,७०१ पिंपे सुखरूप जेनोआला पोचणे हा ब्रिग्जांच्या घरचाही प्रश्न होता. जहाज कसे धावेल सांगता येत नाही, मी यापूर्वी त्यावर गेलेलो नाही, असे तो आईला कळवतो ते भागीदाराचे बोलणे आहे. त्या बाईंचा नवराही कप्तान होता, त्यामुळे हे बोलणे त्यांना समजावून सांगावे लागले नसणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हे पत्र टिकले ते अपघातामुळे. अशा एका पत्रावर रिवाजाचा डोलारा उभा करता येईल का? पत्र टिकण्याचे कारण असाधारण आहे, हे खरे. लिहिण्याचे कारण मात्र अगदी रोजचे होते. पुढे काय होणार याचा लिहिणाऱ्याला पत्ता नव्हता, म्हणून त्याने तिथे सवयीनेच लिहिले, आणि रिवाज तपासायचा तर सवयीइतका चांगला साक्षीदार नाही. ७ नोव्हेंबरला स्टेटन आयलंडजवळ नांगर टाकलेल्या जहाजावरून सारानेही सासूला पत्र लिहिले. अखेरच्या पत्राची ठरीव गंभीरता दोन्हींत शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

या साच्यातून व्यापार बाहेर पडला तो तारेमुळे. १८६६ साली अटलांटिकखालची तार कायमची चालू झाली, १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. आता माल, भाडे, पुढचे बंदर या गोष्टी पत्राची वाट पाहत बसेनात. ‘मेरी सेलेस्ट’ डिसेंबरात जिब्राल्टरला आणली गेली तेव्हा बातमी तारेनेच न्यूयॉर्कला, विमेकऱ्यांकडे गेली. अटलांटिकच्या तारेचा सुरुवातीचा दर वीस शब्दांना वीस पौंड होता. पुढे तो बराच उतरला, तरी आईची ख्यालीखुशाली विचारण्याचा तो मार्ग नव्हता. त्यामुळे पेढीने सोडलेली रीत कप्तानांच्या घरांत मागे राहिली. शिडाच्या जहाजांवर तर ती फार टिकली, कारण धान्य भरून आलेली काही जहाजे पुढच्या हुकमासाठी फॉलमथला थांबत, आणि असे थांबणे १९३० च्या दशकातही चालू होते. त्यांच्या कप्तानांच्या बायकांना तोवर पत्रावर एखाद्या आडत्याचा किंवा कॉन्सलचाच पत्ता घालावा लागे.