संक्रमणकालीन साहाय्य

युद्ध, यादवी किंवा हुकूमशाही नुकतीच संपलेल्या, अथवा संघर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या देशात शांतता टिकावी व लोकशाही रुजावी, यासाठी परकीय राष्ट्रे वा आंतरराष्ट्रीय संस्था अल्प मुदतीचे जे साहाय्य देतात, त्यास संक्रमणकालीन साहाय्य म्हणतात. आपत्तीनंतरची अन्न-औषधांची मदत आणि धरणे, रस्ते, शाळा यांसाठीचे दीर्घकालीन विकाससाहाय्य या दोहोंच्या मधले हे स्थान होय. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते.

इतिहास

अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने (यूएसएड) १९९४ साली यासाठी स्वतंत्र ‘संक्रमण उपक्रम कार्यालय’ स्थापन केले. हैती व अंगोला ही त्याची आरंभीची कार्यक्षेत्रे होत. पुढे संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी (२००५) व शांतता-उभारणी निधी (२००६) आणि युरोपीय संघाचे स्थैर्य साधन (२००७) अस्तित्वात आले. लोकशाही निधीच्या आरंभीच्या प्रमुख देणगीदारांत अमेरिकेबरोबर भारतही होता. हा निधी मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या सुमारे दोन वर्षांच्या प्रकल्पांना दिला जातो.

कार्यपद्धती

रक्कम सहसा सरकारी तिजोरीत न जाता लहान अनुदानांच्या रूपाने स्थानिक गट, नभोवाणी केंद्रे, महिला व युवक मंडळे यांच्यापर्यंत पोहोचते. पुष्कळदा रोख पैशाऐवजी साहित्यच दिले जाते. कोसोव्होत १९९९च्या युद्धानंतर गावोगावी समित्या नेमण्यात आल्या. शाळेचे छप्पर आधी की पाण्याची नळवाहिनी, हे गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे होते. छपराइतकेच महत्त्व त्या बैठकीला होते. पूर्व तिमोरमध्ये १९९९च्या हिंसाचारानंतर सार्वजनिक कामांतून तात्पुरता रोजगार देण्यात आला. नेपाळमध्ये २००६च्या शांतता करारानंतर राजकीय स्थित्यंतराची माहिती लोकांपर्यंत नेण्यावर भर होता.

मर्यादा व टीका

देणाऱ्याचे हितसंबंध हा मुख्य आक्षेप आहे. क्यूबातील ‘झुनझुनेओ’ या लघुसंदेश-जाळ्यामागे यूएसएडचा पैसा असल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले आणि ‘लोकशाही साहाय्य’ व गुप्त राजकीय हस्तक्षेप यांतील सीमारेषेवर वाद झाला. भारतातही परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार राजकीय पक्ष व उमेदवार यांना परकीय देणगी घेण्यास मनाई आहे.

दुसरा आक्षेप मुदतीचा. येथे डहाणू-तलासरीचे उदाहरण तुलनेसाठी घेता येईल, जरी तेथे परकीय साहाय्याचा संबंध नव्हता. २३ मे १९४५ रोजी तलासरीनजीक झरी येथे वारली आदिवासींनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. गोदावरी व शामराव परुळेकर हे बाहेरून आलेले किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. मात्र ते दोन वर्षांचा प्रकल्प घेऊन आले नव्हते. गोदावरीबाईंनी या कामाची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा झाला तो १९९६ साली, म्हणजे झरीच्या सभेनंतर ५१ वर्षांनी.

सद्यःस्थिती

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परकीय साहाय्य स्थगित केले. अनेक देशांतील कामे मुदतीपूर्वीच थांबली. १ जुलै २०२५ पासून यूएसएडचे उर्वरित कार्य परराष्ट्र खात्याकडे गेले.