गुणपत्रिका आणि प्रवेशपरीक्षा : दोन मापांची हकीकत

पाऊस सुरू होऊन सावित्रीचं पाणी चढू लागलं की महाडच्या एस.टी. स्थानकावर आणि पोलादपूरच्या बाजारात एकच विषय निघतो. पोराला प्रवेश कुठं मिळणार? त्यात एक मुलगा असा असतो की त्याच्यापाशी दोन कागद असतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. बारावीच्या गुणपत्रिकेवर बावन्न टक्के. सी.ई.टी.च्या निकालपत्रावर मात्र नव्वदच्या वरचा आकडा. घरची मंडळी पहिला कागद बघतात आणि म्हणतात, "बावन्नवाल्याला कोण विचारतो रे? त्यापेक्षा एम.आय.डी.सी.त चिकट कुठंतरी." मुलगा गप्प बसतो. अर्जाची मुदत टळून जाते. दार बंद नव्हतंच, पण ठोठावलंच गेलं नाही!

हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली १८५९ साली. बसले १३२ विद्यार्थी आणि उत्तीर्ण झाले अवघे २२. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मॅट्रिकला आपण शाळेची शेवटची परीक्षा समजत आलो, पण मुळात ती विद्यापीठाची होती. कॉलेजात कुणाला घ्यायचं ते ठरवण्यासाठी विद्यापीठानंच ती घ्यावी, असा रिवाज होता. म्हणजे मॅट्रिक ही खरी पाहता प्रवेशपरीक्षाच! गुण आणि प्रवेश यांचं माप त्या काळी एकच होतं.

पुढं ही दोन मापं वेगळी झाली. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा आली आणि तिच्यासाठी स्वतंत्र मंडळ झालं. १ जानेवारी १९६६ पासून आजचं राज्य मंडळ काम करू लागलं. १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आली, मागोमाग बारावी. शाळेत किती शिकलास हे मंडळ सांगू लागलं. पण अमुक एका शिक्षणक्रमाला तू योग्य आहेस का, हा प्रश्न उरलाच. बरीच वर्षं मंडळाच्या गुणांवरच भागवलं. मग वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या मूठभर जागांसाठी हजारोंची रांग लागली आणि प्रवेशपरीक्षा पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

आता याच मातीतली दोन उदाहरणं पाहू.

महाड तालुक्यात, रायगडच्या पायथ्याच्या परिसरात, नाते नावाचं गाव आहे. तिथं १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकला ते साऱ्या मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढं १९१८ साली लंडनला आय.सी.एस.च्या स्पर्धेतही पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. गुणपत्रिका आणि स्पर्धापरीक्षा, दोन्ही मापं त्यांच्या बाबतीत एकच सांगत होती. अशांना प्रवेशाची चिंता कसली!

दुसरं उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, खाडीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, ते याच महाडात. पण त्याच्या वीस वर्षं आधीची गोष्ट ऐका. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदवलेले त्यांचे गुण आहेत ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास! आजचा शेजारी तो आकडा ऐकून म्हणाला असता, "कॉलेजचं नाव नका काढू."

त्या आकड्यामागं काय होतं? परळच्या चाळीतली एक खोली, भरलेलं घर, आणि शाळेत पदोपदी सोसलेली शिवाशीव. आकड्यात यातलं काही उमटत नाही. पण कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांनी या मुलाला बागेत बसून वाचताना पाहिलं होतं. त्यांनी आकड्यापलीकडचं ओळखलं. पुढं पैशाची ओढाताण झाली तेव्हा केळुसकर त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं घेऊन गेले. महाराजांनी समोर बसवून प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती ठरली. १९१३ साली बडोद्याच्याच साहाय्यानं ते कोलंबिया विद्यापीठात गेले. एका मापानं हा मुलगा बेताचा ठरला होता. दुसऱ्या मापानं त्याची खरी योग्यता दाखवली. मात्र त्या दुसऱ्या मापापर्यंत त्याला नेणारं कुणीतरी लागलं.

आज सयाजीराव समोर बसवून प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या जागी छापील नियम आहेत. म्हणून शक्यता अजमावायची तर पहिला प्रश्न हा विचारायचा : ज्या दारात जायचंय, तिथं कोणतं माप चालतं?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला आपल्याकडं मुख्यतः बारावीचे गुण पाहतात. तिथं अभियांत्रिकीच्या सी.ई.टी.चा उपयोग नाही. अभियांत्रिकीला मात्र गुणवत्ता यादी सी.ई.टी.वर लागते आणि बारावीचे गुण उंबरठ्यापुरते असतात. ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के, असा तो उंबरठा आहे. तीनशेपैकी १३५ किंवा १२०. तेवढे असले की बावन्नवाला आणि ब्याण्णववाला एकाच रांगेत येतात, आणि पुढचा नंबर सी.ई.टी. ठरवते. १३४ असले तर नव्वदच्या वरचा आकडाही कामाला येत नाही. अशा वेळी श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं, पण वर्षाचा हिशोब आधी करावा लागतो. एकूण बावन्न टक्के म्हणजे या तीन विषयांत बावन्न असं समजू नका. भाषेनं टक्का वर ओढलेला असतो! तीन विषयांची बेरीज वेगळी करून पाहा.

वैद्यकीला नीटचं माप आहे, तिथंही बारावीच्या गुणांचा उंबरठा आहेच. एन.आय.टी. आणि आय.आय.टी.चा उंबरठा बराच उंच. बारावीत ७५ टक्के, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत नाव. अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत. करोनाच्या काळात, २०२० ते २०२२, ही अट उचलली होती. २०२३ ला ती परत आली.

ही मापं कायमची नसतात. २०१३ साली जेईईच्या यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन दिलं, २०१७ साली ते काढून टाकलं. दिल्लीच्या काही महाविद्यालयांनी २०२१ साली काही विषयांना शंभर टक्क्यांची रेघ ओढली होती. पुढच्याच वर्षी तिथं सी.यू.ई.टी. आली आणि रांग नव्यानं लागली. म्हणून थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्याला लावू नये. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

दुसरा प्रश्न आकड्याचा. सी.ई.टी.चा नव्वद हा टक्का नव्हे, तो पर्सेंटाईल आहे. शंभर परीक्षार्थींत नव्वदजण तुमच्या बरोबरीला किंवा मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दहाजण पुढं आहेत. आणि परीक्षेला लाखो बसले तर पुढचे ते शेकडा दहा म्हणजे हजारो होतात. तेव्हा हुरळूनही जाऊ नये.

तिसरं, मागच्या वर्षीची याद काढा. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाईलवर झाला, ते सी.ई.टी. कक्ष दर वर्षी जाहीर करतो. दोन-तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडा. तुमचा आकडा दर वर्षी वर राहत असेल तर आशा पक्की. कधी वर, कधी खाली असेल तर शक्यता निम्मी धरा. तिन्ही वर्षं खाली असेल तर ते नाव यादीत ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पसंतीक्रम भरताना तिन्ही तऱ्हेची नावं घाला, सर्वांत आवडतं आधी. महाडहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की लोणेऱ्याला बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेलं. घराजवळचं म्हणून त्याला हलकं समजू नका आणि जवळचं आहे म्हणून सोपंही धरू नका. त्याचेही आकडे पाहा.

चौथं, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जे लागू असेल ते निकालाआधीच काढून ठेवा. चांगला पर्सेंटाईल असून दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालताना फेरी निघून गेली, तर त्याला इलाज नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. निकालाच्या आठवड्यात शाळेच्या पडवीत दोन तास बसा. ज्या मुलाचे दोन कागद जुळत नाहीत त्याला पुढं बोलवा, आणि तीन विषयांची बेरीज त्याच्या वहीत करून द्या. कुणाला सांगावं लागेल की यंदा जमणार नाही. तेही वेळेवर सांगणं उपकाराचंच. पण कुणाला उंबरठा ओलांडलेला दिसेल, आणि तो अर्ज भरायला निघेल. केळुसकर मास्तरांनी याहून निराळं काय केलं होतं?