पाय सरळ कशावरून?

धुळ्याच्या एका शिक्षक-शिबिरात गणिताच्या एका गुरुजींनी आमच्यापुढे दोन क्ष-किरणचित्रे ठेवली. त्यांच्या आईचा उजवा गुडघा बदललेला होता. पहिले चित्र शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी काढलेले, दुसरे वर्षभराने. पहिल्या चित्रात पाय ५ अंशांनी फेंगडा, म्हणजे गुडघा बाहेरच्या बाजूला गेलेला दिसत होता. दुसऱ्यात तोच कोन २ अंश भरला. गुरुजींनी विचारले, ‘‘मायचा पाय आपोआप सरळ झाला का? आणि सरळ होत असेल, तर उद्या आपोआप वाकडाही होईल का?’’

प्रश्न चांगला आहे. आत बसवलेला धातू हाडाला सिमेंटने चिकटवलेला असतो, तो जागचा हलत नाही अशी अपेक्षा असते. मग कोन बदलला कसा? याचे उत्तर द्यायचे तर पायाचा कोन मोजायचा कसा, आणि शून्य अंश म्हणजेच बरोबर हे ठरवले कोणी, हे आधी पाहिले पाहिजे. ही हकिकत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. पायाला असा ओळंबा पहिल्यांदा लावला तो योहान मिकुलिच या शल्यविशारदाने. व्हिएन्नात बिल्रोथ यांच्या हाताखाली काम करत असताना त्याने मांडीच्या व नडगीच्या हाडांचा अभ्यास केला आणि १८७८ साली तो प्रसिद्ध केला. खुब्यातील गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा काढायची आणि ती गुडघ्यातून कोठून जाते ते पाहायचे, ही त्याची कल्पना. चांगल्या पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. आजही तिला मिकुलिचची रेषा किंवा पायाचा यांत्रिक अक्ष म्हणतात. लक्षात घ्या, क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी लावला तो १८९५ साली. रेषा आधी आली, तिला दाखवणारे चित्र सतरा वर्षांनी आले.

या रेषेचे गणित नववी-दहावीच्या वर्गात करण्याजोगे आहे. मांडीचे हाड ४० सेंटिमीटर आणि नडगीचे हाडही ४० सेंटिमीटर धरू. गुडघ्यापाशी दोन्हींमध्ये ३ अंशांचा बाक आला, तर खुबा, गुडघा आणि घोटा मिळून एक अतिशय चपटा समद्विभुज त्रिकोण होतो. रेषा गुडघ्याच्या मध्यापासून किती सरकली? ४० गुणिले १.५ अंशाची ज्या, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर. बाक १० अंश असेल तर साडेतीन सेंटिमीटर. आता नडगीच्या माथ्याची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर असते. म्हणजे १० अंशांच्या बाकात शरीराचा भार नेणारी रेषा सांध्याच्या अगदी आतल्या कडेवर येते. चालताना निरोगी गुडघ्यातही आतल्या अर्ध्या भागावर ६० ते ७० टक्के भार पडतो. फेंगड्या पायात तो आणखी वाढतो, कूर्चा झिजते, झिजली की बाक वाढतो, आणि बाक वाढला की भार वाढतो. शेताच्या बांधावर झोके देत चालणारी म्हातारी आपण पाहतो, तिच्या पायात हे चक्र कित्येक वर्षे फिरत असते.

झिजलेला सांधा काढून दुसरा बसवण्याचे प्रयत्न जुने आहेत. थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० साली बर्लिनमध्ये हस्तिदंती गुडघा बसवून पाहिला होता. पण आज ज्याला आपण गुडघेरोपण म्हणतो त्याचा पाया १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत घातला गेला. जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांनी तेथे ‘टोटल कॉन्डायलर’ हा कृत्रिम गुडघा तयार केला. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी आणि नडगीच्या माथ्यावर प्लास्टिकची बैठक, असे त्याचे स्वरूप. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून उत्तरेला गेले की इंदूर लागते. राणावत तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये आणि जून २००१ मध्ये त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि या शस्त्रक्रियेचे नाव आपल्याकडे खेडोपाडी पोहोचले.

कृत्रिम गुडघा बसवताना हाडे कापावीच लागतात, आणि ती कोणत्या कोनात कापायची हे शल्यविशारदाच्या हातात असते. इथे मिकुलिचची रेषा पुन्हा कामाला आली. बेल्जियममधील लीएज शहराचे पॉल माके यांनी गुडघ्यावरील बलांचा सविस्तर हिशेब मांडून १९७६ साली पुस्तक लिहिले. हाडांचे कापे रेषेला काटकोनात घ्यावेत, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जाईल, हा विचार त्या काळात रूढ झाला. मग १९९१ साली जेफ्री, मॉरिस आणि डेनहॅम या इंग्लंडमधील तिघांनी ११५ गुडघ्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. रेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या एकतृतीयांशातून जात होती तिथे सांधा सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के होते. ती त्याबाहेर होती तिथे, सुमारे आठ वर्षांत, २४ टक्के. ७ सेंटिमीटरचा मधला एकतृतीयांश म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे सव्वा सेंटिमीटरच्या आत. वरच्या आपल्या हिशेबाने हे सुमारे ३ अंश होतात. ‘शून्याच्या अलीकडे-पलीकडे ३ अंश’ हा नियम जगभर पाठ झाला तो यातून. पुढची वीस वर्षे गुडघेरोपणाच्या यशाची पहिली परीक्षा याच पट्टीने झाली. संगणकाच्या मदतीने कापे घेण्याची पद्धतही याच पट्टीवर तपासली गेली. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी व सहकाऱ्यांनी २००७ साली अशी तुलना ४६७ गुडघ्यांवर केली होती.

पण ही पट्टी ज्या चित्रावर लावायची ते चित्र किती खरे असते? आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू.

सर्वसाधारण मोठी फिल्म १४ इंच बाय १७ इंच, म्हणजे लांबीला ४३ सेंटिमीटर. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे ८० सेंटिमीटर तिच्यात मावत नाहीत. त्यामुळे अनेकदा फक्त गुडघ्याच्या आसपासचे चित्र काढतात आणि हाडांच्या नळ्या पाहून अक्षाचा अंदाज बांधतात. मांडीचे हाड मुळातच धनुष्यासारखे असेल तर हा अंदाज चुकतो, कारण खुबा चित्रात नसतोच. लांब फिल्म वापरली, रोगी उभा करून चित्र काढले, तरी एक अडचण उरते, आणि ती भूमितीची आहे.

सायकलची एक जुनी तार घ्या. मधोमध ती १० अंशांनी वाकवा. सकाळच्या तिरप्या उन्हात, सूर्य ज्या भिंतीवर समोरून येतो तिच्यापुढे ती उभी धरा. बाकाचे टोक नेमके सूर्याकडे ठेवले तर भिंतीवरची सावली सरळ पडते. आता तार स्वतःभोवती २० अंश फिरवा. सावलीत बाक दिसू लागतो, मोजला तर सुमारे साडेतीन अंश. तार तीच, बाक तोच, सावली मात्र वेगळी. खानदेशात उन्हाला तोटा नाही, तेव्हा हा प्रयोग कोणत्याही शाळेत होईल. तार पूर्ण सरळ असती तर कितीही फिरवली तरी सावली सरळच राहिली असती, हेही मुलांना करून पाहू द्यावे.

क्ष-किरणचित्र म्हणजे सावलीच. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे गुडघा पूर्ण सरळ होत नाही, ८-१० अंश दुमडलेला राहतो. मांडीचे स्नायू दुबळे असतात, पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो. दुमडलेला गुडघा बाहेर फिरला की चित्रात फेंगडा दिसतो, आणि तोही वर काढलेल्या साडेतीन अंशांइतका. व्यायामाने गुडघा सरळ झाला, वाटी समोर ठेवून उभे राहता आले, की हा खोटा बाक नाहीसा होतो. गुरुजींच्या आईच्या चित्रांतला ३ अंशांचा फरक इतक्यातच बसतो. पहिल्या चित्रात गुडघ्याची वाटी बाहेरच्या कडेला सरकलेली स्पष्ट दिसत होती. पाय सरळ झाला होता तो पुढून मागे, डावी-उजवीकडे नव्हे.

उलट प्रकार मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. नीट उभे राहून काढलेल्या चित्रांत दर वर्षी बाक वाढत असेल, नडगीवरची बैठक हाडाच्या तुलनेत कलत असेल, सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ रुंदावत असेल, तर बैठक खचते आहे असे समजून लगेच डॉक्टरांकडे जायला हवे. म्हणून जुनी चित्रे फेकू नयेत. एकटे चित्र फारसे बोलत नाही, दोन चित्रे शेजारी ठेवली की बोलतात.

आता पट्टीविषयी. २०१० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पाराट, पॅग्नानो आणि सहकाऱ्यांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. ३ अंशांच्या आत बसलेले २९२ होते, त्यांतले १५.४ टक्के पुन्हा बदलावे लागले. बाहेर राहिलेले १०६ होते, त्यांतले १३ टक्के. म्हणजे नियम पाळल्याचा फायदा दिसलाच नाही! याचा अर्थ कापे कसेही घ्यावेत असा नव्हे. नियमाबाहेरचे पाय फार वाकडे नव्हते, आणि १९९१ च्या अभ्यासातील सांधे जुन्या घडणीचे होते. पण ३ अंशांची भिंत लोक समजत होते तितकी भक्कम नाही, एवढे त्यातून कळले.

दोन वर्षांनी बेल्जियमच्या बेलेमन्स यांनी २० ते २७ वर्षांच्या २५० निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांचा आणि १७ टक्के स्त्रियांचा पाय मूळच्या घडणीनेच ३ अंश किंवा त्याहून जास्त फेंगडा निघाला. त्यांना कसलेही दुखणे नव्हते. डॉ. मुल्लाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय व कोरियन प्रौढांवर केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे पाय सुमारे एकतृतीयांश होते. मग अशा माणसाचा पाय म्हातारपणी शून्य अंशावर आणला, तर त्याला आपण सरळ केले की परका पाय दिला? आमच्या मते हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध साठ वर्षे एका ताणाला सरावलेले असतात. पाय शून्यावर आणायचा तर आतल्या बाजूचे अस्थिबंध सैल करावे लागतात.

रोग्याचा मूळचा कोन कळावा कसा, हीच मुख्य अडचण. दुसरा पाय बघावा, तर आपल्याकडे लोक दवाखान्यात येतात तेव्हा बहुधा दोन्ही गुडघे झिजलेले असतात. सिडनीच्या मॅकडेसी व सहकाऱ्यांनी २०२१ साली यावर सोपी वजाबाकी सुचवली. नडगीचा अक्ष आणि तिचा माथा यांच्यातला आतल्या बाजूचा कोन घ्यायचा, त्यातून मांडीच्या हाडाचा अक्ष आणि त्याचे खालचे टोक यांच्यातला बाहेरच्या बाजूचा कोन वजा करायचा. हे दोन्ही कोन हाडाचे असतात, कूर्चा झिजली तरी बहुतेक तेच राहतात. नडगीचा ८५ आणि मांडीचा ८८ अंश भरला, तर मूळचा पाय ३ अंश फेंगडा होता, मग आज तो १२ अंश का दिसेना. अर्थात हे कोन मोजायचे तेही उभ्याने काढलेल्या, खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या लांब चित्रावरच, आणि गुडघ्याची वाटी समोर ठेवून.