बक्षिसाचा निबंध आणि गावाचे मौन

मराठी शाळा-महाविद्यालयांतून इतिहासविषयक निबंधस्पर्धा वर्षभर चालू असतात. जयंती, पुण्यतिथी, संस्थेचा सुवर्णमहोत्सव किंवा कुणाच्या स्मृत्यर्थ बँकेत ठेवलेल्या रकमेचे व्याज, एवढे निमित्त त्यांना पुरते. विषय ठरलेला असतो, शब्दमर्यादा ठरलेली असते, आणि खरे म्हणजे निबंधाचा शेवटही ठरलेलाच असतो: थोर पुरुषाने दाखवलेल्या वाटेने जाण्याचा संकल्प. परीक्षणासाठी असे गठ्ठे आमच्याकडे येतात तेव्हा तालुक्याच्या दोन टोकांना असलेल्या महाविद्यालयांतील मुलांनी एकच परिच्छेद, त्यातील मुद्रणदोषासकट, उतरवून काढलेला आढळतो. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे आणि दुसरे उत्तर त्याला चालणारही नाही, त्या प्रश्नापायी कोण कशाला दफ्तरे धुंडाळत बसेल?

विद्यार्थ्याने लिहिलेला इतिहासविषयक निबंध मुळात इतका निरुपद्रवी नसतो. याचा पहिला दाखला आपल्याच भाषेत आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी. हा निबंध कुठल्या स्पर्धेसाठी लिहिलेला नव्हता. पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. पेशवाईत आपल्या जातीच्या माणसांचे काय झाले हे ती सांगते, आणि ते घराघरांत मुखोमुख चालत आलेल्या आठवणींच्या आधारे सांगते. साधने म्हणावीत अशी कागदपत्रे तिच्या हाती येणे शक्यच नव्हते. त्याच दशकाच्या प्रारंभी, १८५१ मध्ये, पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली होती आणि मराठी ग्रंथांना रोख पारितोषिके मिळू लागली होती. एकीकडे बक्षिसावर पोसले जाणारे गद्य आणि दुसरीकडे बक्षिसाची आशाही नसलेल्या मुलीचे गद्य, अशी ही जोडी आहे. आज वर्गात शिकवण्याजोगे काय उरले, हे वाचकांना सांगायला नको.

परंतु स्पर्धेने अशा लेखनाला वाव द्यायचे ठरवले तर काय घडू शकते, हे पाहायचे असेल तर जर्मनीकडे वळावे लागते. १९६९ ते १९७४ या काळात गुस्टाव्ह हाइनेमान हे पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष होते. जर्मन पाठ्यपुस्तकांत राजे, सेनापती आणि मुत्सद्दी भरपूर, पण स्वातंत्र्यासाठी झगडून हरलेली माणसे कुठेच नाहीत, ही त्यांची तक्रार होती. १८४८ च्या फसलेल्या क्रांतीत आपल्या गावच्या सुतारा-शिंप्यांनी काय केले हे मुलांनी शोधावे, असे त्यांना वाटे. हॅम्बुर्गचे एक उद्योजक, सिगारेट बनवण्याची यंत्रे तयार करणारे कुर्ट कोर्बर, यांनी पैसा आणि व्यवस्था पुरवली. १९७३ साली राष्ट्राध्यक्षांच्या नावाची इतिहासस्पर्धा सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. आजवर दीड लाखाहून अधिक मुलांनी तीत भाग घेतला आहे. सिगारेटच्या यंत्रांतून मिळालेल्या पैशाने इतिहासाचे इतके काम व्हावे, ही गंमत आहेच. असो.

पहिले तीन विषय १८४८, १९१८ आणि १९४५ या तीन वळणांचे होते. मग स्पर्धा दैनंदिन जीवनाकडे वळली: कामाची जागा, राहती घरे, सुटीचा वेळ. आता दर दोन वर्षांनी, सम सालच्या १ सप्टेंबरला, नवा विषय जाहीर होतो आणि पुढच्या फेब्रुवारीअखेर लेखन पाठवायचे असते. २०२० चा विषय खेळ होता, २०२२ चा घर, २०२४ चा इतिहासातील सीमा. एकवीस वर्षांखालील कुणीही एकट्याने, गटाने किंवा सबंध वर्गाने उतरावे. सोबत एक शिक्षक मार्गदर्शक असावा, पण लेखन मुलांचेच हवे. नियमांपैकी दोन आम्हांला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की विषय आपल्या गावाशी किंवा आपल्या कुटुंबाशी जोडलेला असला पाहिजे. घर या विषयावर नगररचनेचा जागतिक आढावा पाठवला तर तो चालत नाही. आपल्या गल्लीतील अमुक इमारतीत कोण राहत होते, ते केव्हा आणि का गेले, हे शोधावे लागते. दुसरा नियम कार्यवृत्ताचा. निबंधाबरोबर एक वेगळे टिपण द्यावे लागते: विषय कसा सुचला, कुठल्या दफ्तरात गेलो, कोण बोलले, कोण बोलले नाही, गटात कशावरून भांडण झाले, काय सापडले नाही. उतरवून काढलेल्या निबंधाला असे टिपण जोडणे कठीण असते. हल्ली यंत्राला सांगून दोन मिनिटांत निबंध लिहून घेता येतो. त्या यंत्राला कार्यवृत्तही रचता येईल, पण कोणत्या आजीने दोनदा दार लावून घेतले आणि तिसऱ्यांदा चहा ठेवला, हे तोंडी परीक्षेत विचारले की खरेखोटे लगेच कळते.

या नियमांमुळे काय होऊ शकते हे १९८० मध्ये दिसले. त्या वर्षीचा विषय होता नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन. मुले बारा हजारांहून अधिक संख्येने उतरली. डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्यांच्या संगमावरील पासाऊ या गावातील आना रोसमुस ही वीस वर्षांची तरुणी त्यांपैकी एक. आपले धर्मनिष्ठ गाव नाझींपासून अलिप्तच राहिले होते, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेच दाखवायला ती निघाली असावी. पण जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे वेगळेच बोलू लागली. गावातील प्रतिष्ठितांचे त्या राजवटीशी असलेले संबंध समोर येऊ लागले, आणि मग दफ्तरे मिळेनाशी झाली. तिने न्यायालयात जाऊन कागदपत्रे पाहण्याचा अधिकार मिळवला. १९८३ मध्ये पासाऊमधील प्रतिकार आणि छळ यांवरचे तिचे पुस्तक निघाले. १९८४ मध्ये त्याला शोल भावंडांच्या नावाचा पुरस्कार लाभला. गावाने मात्र तिला धमक्या दिल्या. १९९० मध्ये मिखाएल फेरहोफन यांनी तिच्यावरून चित्रपट काढला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ साधारण 'भयंकर मुलगी' असा होतो. नायिकेचे नाव बदलून सोन्या केले आहे, पण गाव कोणते हे लपत नाही.

ही कथा सांगताना तिची वीरगाथा करण्याचा मोह होतो. आमचे लक्ष तिच्यापेक्षा स्पर्धेच्या विषयाकडे जाते. 'नाझी अत्याचार' असा विषय दिला असता तर मुलांनी बर्लिनच्या आणि छळछावण्यांच्या हकीकती लिहिल्या असत्या, त्या खऱ्याही असत्या, आणि पासाऊत कुणाची झोप मोडली नसती. 'दैनंदिन जीवन' आणि 'आपले गाव' हे शब्द जोडल्याबरोबर प्रश्न समोरच्या दुकानदाराशी, शाळेच्या माजी मुख्याध्यापकांशी आणि स्वतःच्या आजोबांशी येऊन भिडला. विषयाच्या शब्दयोजनेत केवढी ताकद असते हे भाषेच्या अध्यापकांना वेगळे सांगायला नको. तरीही स्पर्धेचा विषय ठरवण्यास आपण चहाच्या एका कपापेक्षा जास्त वेळ देत नाही.

अमेरिकेत 'नॅशनल हिस्टरी डे' ही स्पर्धा १९७४ साली क्लीव्हलंडमध्ये सुरू झाली. तिच्यासाठी इलिनॉय राज्यातील तीन विद्यार्थिनींनी १९६४ च्या मिसिसिपीतील तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या हत्येवर माहितीपट तयार केला. प्रकरण पुन्हा उघडावे यासाठी जेरी मिचेल हा पत्रकार बरीच वर्षे झटत होता. त्याला या मुलींच्या आणि त्यांच्या शिक्षकाच्या कामाची जोड मिळाली, आणि २१ जून २००५ रोजी, हत्येला बरोबर एकेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, एडगर रे किलन दोषी ठरला. रशियातील हकीकत उलट दिशेने गेली. 'मेमोरियल' या संस्थेने १९९९ पासून विसाव्या शतकातील रशियन माणसावर शाळकरी मुलांची निबंधस्पर्धा चालवली. खेड्यापाड्यांतून मुले आजीआजोबांची तुरुंगवासाची, हद्दपारीची, उपासमारीची कहाणी लिहून पाठवीत. २०१६ साली मॉस्कोत बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांवर अंडी आणि हिरवे रसायन फेकले गेले. लेखिका ल्युदमिला उलित्स्काया यांच्या तोंडावरही ते उडाले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने संस्थाच बंद करण्याचा आदेश दिला. शाळकरी मुलांच्या निबंधांना एवढे भ्यावे, यातच त्या निबंधांचे परीक्षण आले.

आता आपल्या विद्यार्थ्यांविषयी. एखाद्या स्पर्धेत उतरायचे असेल तर काय करावे, असे ते विचारतात तेव्हा आम्ही प्रथम नियमपत्रिका मोठ्याने वाचायला लावतो. वयाची अट, भाषा, शब्दसंख्या टिपांसह की टिपांविना, गट चालतो का, मूळ साधने वापरावी लागतात का, पूर्वी छापलेले चालते का, हे कळले की निम्मी निराशा टळते. इंग्रजीत लिहू शकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी 'द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू' हे अमेरिकन त्रैमासिक आहे. १९८७ पासून ते जगभरच्या माध्यमिक शाळांतील मुलांचे इतिहासनिबंधच छापते. तिथले लेख दीर्घ आणि टिपांनी भरलेले असतात. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने त्यांतील दोन-तीन वाचावेत, मुलाला पाठवायचे नसले तरी.

पण खरी अडचण पुढची असते. विषय व्यापक दिलेला असतो आणि मुलगा तो तसाच घेतो. 'दुष्काळ' या विषयावर दुर्गादेवीच्या दुष्काळापासून आरंभ होतो आणि पाणी वाचवण्याच्या संदेशात शेवट. त्याऐवजी आम्ही सुचवतो की आपल्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, पाहावे. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. १९७१ ते १९७४ या चार वर्षांचा तेवढा एक रकाना वाचावा. कोणत्या मुली गेल्या, कोणत्या वाडी-वस्तीच्या मुलांची नावे कमी झाली, त्यांतील कुणाचे नाव पुन्हा दाखल झाले, आणि कारण म्हणून गुरुजींनी काय लिहिले? मग त्यांतल्या हयात असलेल्या कुणाला तरी गाठावे. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली बाई आज सत्तरीच्या आसपास असेल. ती सांगेल ते आणि रजिस्टर सांगते ते जुळणार नाही. निबंध तिथून सुरू होतो.

अशी साधने गावोगाव पडून आहेत: ग्रामपंचायतीची ठरावबुके, फेरफाराच्या नोंदी, सोसायटीचे अहवाल, देवस्थानाच्या वह्या. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावे नव्या जागी वसली, तेव्हा कोणाला कोणत्या ओळीत घर मिळाले? १९८२ चा गिरणीसंप लांबल्यावर गावाकडे परतलेल्या माणसांनी काय केले? जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा शोधावा लागेल. महाविद्यालयातल्या मराठी विभागाला त्यासाठी एक तरी माणूस तयार करता यायला हवा. मोठ्या कामासाठी पुण्याचे पेशवे दफ्तर आहे, मुंबईचे पुराभिलेखागार आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि कचेरीत कागद दाखवत नाहीत असे झाले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पासाऊच्या मुलीला न्यायालयात जाऊन जे मिळवावे लागले, त्यातले थोडेसे आपल्याकडे दहा रुपये शुल्काच्या अर्जावर मिळू शकते, निदान मागता तरी येते.

आमचा आक्षेप येईल तो पुढच्या टप्प्यावर, आणि तो आमच्याच व्यवसायबंधूंवर आहे. विद्यार्थ्याने खरेच काही शोधले तर त्याच्या मागे कोण उभे राहणार? गावातली एखादी विहीर कुणासाठी केव्हा खुली झाली हे लिहिणाऱ्या मुलीला 'हे कशाला उकरतेस' असे विचारणारा पहिला माणूस बहुधा स्टाफरूममध्येच भेटतो. जर्मन स्पर्धेत मार्गदर्शक शिक्षकांनाही पारितोषिके असतात. त्यामागचा हिशेब आम्हांला कळतो: मुलाला गावात राहायचे असते आणि शिक्षकालाही. म्हणून सावधगिरी हवी. हयात माणसांची नावे त्यांच्या संमतीने द्यावीत, नसेल तर बदलावीत आणि बदलल्याचे सांगावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. ज्याच्यावर आरोप येतो त्याच्या घरच्यांनाही विचारावे, ते काय म्हणतात ते निबंधात यावे. एवढे केल्यावरही राग येणारच. पण मग तो राग निबंधातील एखाद्या वाक्यावर येईल, आणि त्या वाक्याला आधार असेल.

परीक्षकांनी गुण कशाला द्यावेत यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींना भाषेसाठी निम्मे गुण हवेत. आमच्या मते अशुद्ध लेखनाच्या पण चार माणसांना भेटून लिहिलेल्या निबंधाने, ओघवत्या पण कुणालाही न भेटता लिहिलेल्या निबंधाच्या पुढे जायला हवे. शुद्धलेखन नंतर शिकवता येते, त्यासाठीच आमची नेमणूक आहे.

एक शेवटची गोष्ट व्यवहाराची. स्पर्धा संपली की हे निबंध जातात कुठे? हॅम्बुर्गमध्ये आलेले लेखन जपून ठेवले जाते, पुढचे अभ्यासक ते चाळतात. आपल्याकडे बक्षीस समारंभानंतर गठ्ठा कपाटावर आणि दोन वर्षांनी रद्दीत. निदान पहिल्या दहा निबंधांची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवावी आणि एक त्या त्या गावच्या वाचनालयाला द्यावी. मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली असेल तर तीही प्रतीसोबत द्यावी, तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याची परवानगी लिहून. ज्या बाईने खडी फोडल्याचे सांगितले तिलाही एक प्रत पोचती करावी. वाचता येत नसेल तर मुलाने बसून ती वाचून दाखवावी, आणि ती जिथे थांबवेल तिथे दुरुस्ती करून घ्यावी.