अफझलगंज आणि बिनतारी संगीत

पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना बक्षीस दिलेल्या जमिनीवर जी पेठ मुसीकाठी वसली, आणि १९०८ च्या महापुराचा तडाखा सोसूनही जी उभी राहिली, त्या अफझलगंजास सरकारी बिनतारी संगीताचे दर्शन घडले ते ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, दख्खन रेडिओचे केंद्र सुरू झाले तेव्हा. प्रक्षेपणाची शक्ती अवघी २०० वॅट, म्हणजे शंभर वॅटच्या दोन दिव्यांइतकी. तथापि मध्यम लहरी जाड भिंतींना फारशा जुमानीत नसल्यामुळे, छपरावर ताणलेली एक तार आणि जमिनीत पुरलेली दुसरी, एवढ्या सामग्रीवर शहरातील गाणे दिवाणखान्यात उतरे. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र भारत सरकारच्या ताब्यात गेले.

आज संगीताचा संग्रह घरातल्याच एका संगणकात असतो, आणि यूएसबीची साधी तार पाच मीटरांपलीकडे भरवशाची नसल्याने ध्वनियंत्रापर्यंतचा उर्वरित पल्ला बिनतारी जोडणीने गाठावा लागतो. येथे मात्र जुन्या बांधणीची भक्कम भिंत वैरीण ठरते, कारण २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आखूड लहरी ती सहज गिळते. प्रगतीचा हा उलटा न्याय मला मौजेचा वाटतो. ज्यांस हा उपद्व्याप करावयाचा असेल त्यांनी यंत्रे खरेदी करण्यापूर्वी, प्रेषक व ग्राहक यांच्यामध्ये शक्यतो एकही भिंत येणार नाही अशी जागा मुक्रर करावी.